रूळ उखडण्याची घाई

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, एडिंबरापासून सुमारे पंचवीस मैलांवर, गाला वॉटर नावाच्या लहानशा नदीकाठी स्टाऊ हे गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. सतराव्या शतकातला दगडी पूल, उंच मनोऱ्याचे चर्च आणि दोन्ही अंगांना मेंढ्या चरणाऱ्या टेकड्या, एवढाच त्याचा विस्तार. या गावात १८४८ साली रेल्वे आली, जानेवारी १९६९ मध्ये ती गेली आणि ६ सप्टेंबर २०१५ रोजी परत आली. मधल्या शेहेचाळीस वर्षांची ही कथा ब्रिटनमध्ये लोकांच्या चिकाटीचा विजय म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण बंद होण्याचे आणि पुन्हा उघडण्याचे कागद शेजारी ठेवून वाचले, तर या विजयाची किंमत एवढी मोठी का झाली हा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याचे उत्तर असे की १९६९ साली तिथे एक नव्हे, दोन निर्णय झाले. गाडी बंद करण्याचा निर्णय निदान चर्चेला आला होता. रूळ उखडून जमीन विकण्याचा दुसरा निर्णय मात्र पहिल्याच्या मागोमाग कुणी न विचारता होऊन गेला. खरे नुकसान या दुसऱ्या निर्णयाने केले.

आधी पहिल्या निर्णयाविषयी. साठच्या दशकात ब्रिटिश रेल्वे मोठ्या तोट्यात होती. मोटारी वाढत होत्या, मालवाहतूक ट्रककडे सरकत होती, आणि सरकारला दरसाल भरपाई करावी लागत होती. रासायनिक उद्योगातून आलेले डॉ. रिचर्ड बीचिंग रेल्वे मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांचा अहवाल २७ मार्च १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात २,३६३ स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. अहवालाची मांडणी बिनतोड वाटावी अशीच होती. एकूण मार्गांपैकी एक तृतीयांश मार्गांवर प्रवासी वाहतुकीचा जेमतेम एक टक्का भाग होता, आणि निम्म्या स्थानकांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. हे आकडे खोटे नव्हते, पण ते कसे जमवले हे पाहण्यासारखे आहे. वाहतुकीची पाहणी २३ एप्रिल १९६१ रोजी संपलेल्या एका आठवड्यात झाली. उन्हाळी सुट्टीत समुद्रकाठी जाणारी गर्दी त्या आठवड्यात कुठून दिसणार? दुसरी उणीव याहून खोल होती. आडगावच्या माणसाने लंडनचे तिकीट काढले तर त्या प्रवासाचा बहुतेक पैसा मुख्य मार्ग मिळवतो, पण त्याची सुरुवात होते ती आडगावच्या फलाटावर. लहान स्थानक गेले तरी हा माणूस मोटारीने जवळच्या मोठ्या स्थानकावर येईल आणि उरलेला प्रवास रेल्वेनेच करील, असे गृहीत धरले होते. मोटारीत बसलेला माणूस मात्र बहुतेक वेळा थेट मुक्कामापर्यंत मोटारीनेच गेला. शेकडो शाखामार्ग बंद होऊनही रेल्वेचा तोटा काही संपला नाही.

स्टाऊ ज्या मार्गावर आहे तो वेव्हर्ली मार्ग म्हणून ओळखला जाई. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून आलेले हे नाव. स्कॉटचे ॲबट्सफर्ड हे घरही याच टापूत आहे. हा मार्ग १८४९ मध्ये हॉइकपर्यंत आणि १८६२ मध्ये पुढे कार्लाइलपर्यंत पोहोचला. एडिंबरा ते कार्लाइल ९८ मैल, वाटेत खडे चढ, कापडगिरण्यांची गावे आणि मग मैलोन्‌मैल निर्मनुष्य डोंगराळ मुलूख. या मार्गाला तोटा होता हे कुणीच नाकारत नाही. प्रश्न एवढाच की तो सगळीकडे सारखा होता का. एडिंबराजवळचा गजबजलेला उत्तर भाग आणि हॉइकच्या पलीकडचा ओसाड दक्षिण भाग यांना एकाच तराजूत घालून निकाल दिला गेला. उत्तरेकडचा तुकडा एकेरी करून, खर्च कमी करून चालवता आला असता का, हे नीट तपासलेच गेले नाही. लोकांना हे विचारण्याची सोयही कायद्याने ठेवली नव्हती. १९६२ च्या वाहतूक कायद्यानुसार प्रवाशांच्या सल्लागार समित्यांना फक्त एकच गोष्ट ऐकता येई: गाडी बंद झाल्याने कुणाची किती गैरसोय होईल. रेल्वेने मांडलेल्या तोट्याच्या आकड्यांवर प्रश्न विचारणे त्यांच्या कक्षेबाहेर होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये हॉइकला सुनावणी झाली, ती या चौकटीत. ज्या हिशेबावर निकाल ठरणार होता, तोच हिशेब सुनावणीत उलगडायची बंदी होती.

एक गोष्ट तर मनाला फार लागते. सामाजिक गरज म्हणून तोट्यातले मार्ग सरकारी अनुदानावर चालू ठेवण्याची तरतूद करणारा नवा वाहतूक कायदा बार्बरा कासल यांच्या पुढाकाराने १९६८ सालीच मंजूर झाला. उत्तर स्कॉटलंडमधले काही दुर्गम मार्ग पुढे अशा मदतीवर तगले. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये त्यांच्या जागी आलेले वाहतूकमंत्री रिचर्ड मार्श यांनी वेव्हर्ली मार्ग बंद करण्यावर शिक्कामोर्तब केले. औषध दुकानात आले त्याच महिन्यांत रोगी घरी पाठवला गेला.

लोक गप्प बसले नव्हते. हॉइकच्या मॅज एलियट या गृहिणीने ११,६७८ सह्यांचे निवेदन डिसेंबर १९६८ मध्ये लंडनला पंतप्रधानांच्या दारात नेऊन दिले. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री एडिंबराहून लंडनकडे निघालेली शयनयान गाडी ही या मार्गावरची अखेरची. ती न्यूकॅसलटन या सीमेजवळच्या गावी पोहोचली तेव्हा गावकऱ्यांनी फाटक लावून रूळ अडवले होते. गावचे पाद्रीच त्यांच्या पुढे होते, आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. गाडीत त्या भागाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील होते. ते खाली उतरले आणि त्यांनी मध्यस्थी केली: पाद्रींना सोडा, लोक बाजूला होतील. तसे झाले आणि गाडी सुमारे दोन तास उशिरा पुढे गेली. गर्दीत उभ्या असलेल्या त्या माणसांना पुढे काय होणार याची पुरती कल्पना होती, असे मला वाटते. एक दिवस गाडी रोखून धोरण बदलत नाही हे त्यांना कळत होते. आपण संमती दिलेली नाही, एवढे त्यांना नोंदवायचे होते.

आता दुसरा निर्णय. गाड्या थांबल्यावर लगोलग दक्षिण टोकाला रिडिंग्ज जंक्शन येथे रुळाचा एक तुकडा काढून दाखवण्यात आला. विषय संपला, असा त्याचा अर्थ. मार्ग विकत घेऊन चालवण्याची तयारी दाखवणारी बॉर्डर युनियन रेल्वे नावाची एक खासगी कंपनी पुढे आली होती, पण पैशांची जुळवाजुळव आणि रेल्वेच्या अटी यांत तो बेत वर्षभरात बारगळला. एडिंबराच्या टोकाकडून न्यूटनग्रेंजच्या कोळसा खाणीपर्यंतचा भाग आणखी थोडा काळ मालगाड्यांसाठी राहिला. बाकी मार्गाचे रूळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निघाले. मग जमीन विकली जाऊ लागली. गोरब्रिज आणि गालाशील्स येथे जुन्या भरावावर घरे उभी राहिली. पूल पाडले गेले. पुढे एडिंबराचा वळणरस्ता मार्गाला आडवा छेदून गेला, कारण तिथे पुन्हा कधी रेल्वे येईल हे कुणाच्या आराखड्यात नव्हते. यातल्या एकाही कृतीवर सुनावणी झाली नाही. लाखभर वस्तीच्या त्या अख्ख्या प्रदेशात चालू स्थानक म्हणून एकही उरले नाही. पूर्व किनाऱ्याची मुख्य रेल्वे त्याच्या एका कडेने जात होती, पण तिची एकही गाडी तिथे थांबत नव्हती.

या मोडतोडीचा अर्थ काय, हे याच मार्गावरच्या रिकार्टन जंक्शन या ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसते. डोंगरात दोन मार्ग मिळत होते तिथे रेल्वेने आपल्या कामगारांसाठी वसवलेले हे गाव. घरे, शाळा आणि फलाटावरच सहकारी भांडार. पीठ, मीठ, चहा घ्यायला फलाटावर जायचे. डॉक्टर हवा असेल तर तोही गाडीने. गावाला जाणारा रस्ताच नव्हता. वनखात्याची कच्ची वाट साठच्या दशकात आली, आणि काही वर्षांतच गाड्या थांबल्या. आज तिथे पडक्या भिंती आहेत आणि वनखात्याने लावलेली झाडे. स्टाऊ परत उभे राहू शकले, रिकार्टन कधीच राहणार नाही. बंद करणाऱ्याच्या वहीत मात्र ही दोन्ही स्थानके एकाच रकान्यात, एकाच किमतीने नोंदली गेली होती.

१९९९ साली पुन्हा हालचाल सुरू झाली. त्या वर्षी स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, आणि सतरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज तिच्यापुढे आला. त्या संसदेचे पहिले सभापती होते डेव्हिड स्टील. २००६ मध्ये एडिंबराच्या कडेपासून ट्वीडबँकपर्यंतच्या तीस मैलांसाठी कायदा झाला. पण मूळ प्रस्तावात स्टाऊचे नाव नव्हते, हे विसरता कामा नये. मार्ग गावाच्या कडेने जाणार होता, थांबणार मात्र नव्हता. गाव लहान, प्रवासी थोडे, थांब्याने गाडीची काही मिनिटे जाणार, असा युक्तिवाद होता. गावकऱ्यांनी बाजू लावून धरली आणि विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीने स्टाऊचे स्थानक घातलेच पाहिजे, अशी अट घातली. इथे लोकप्रतिनिधींनी तज्ज्ञांचा अंदाज नाकारला. तो नाकारण्यात ते बरोबर होते हे पुढे दिसले.

सेवा सुरू झाली आणि पहिल्या वर्षात बारा लाखांहून अधिक प्रवास झाले. स्टाऊला पहिल्या सहा महिन्यांत अंदाजाच्या चौपटीहून अधिक प्रवासी आले. ट्वीडबँक या शेवटच्या स्थानकावर तर पहिल्या सहा महिन्यांतच एक लाख ऐंशी हजारांच्या वर प्रवास नोंदले गेले, जिथे अंदाज वीस हजारांच्याही आत होता. असे का झाले? स्थानकाच्या आसपास किती घरे आहेत यावर अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात हॉइक, जेडबरा, केल्सो अशा दूरच्या गावांतून लोक मोटारीने ट्वीडबँकला येऊन गाडी पकडू लागले, आणि तिथला वाहनतळ भरून जाऊ लागला. १९६३ साली जे गृहीतक चुकले होते तेच इथे खरे ठरले, पण उलट्या दिशेने. स्थानक काढून घेतले तर माणूस रेल्वेकडे येत नाही. स्थानक जवळ आणले तर तो वीस मैलांवरूनही येतो. सरकारने करवून घेतलेल्या पाहणीत, मार्ग उघडल्यानंतर घर बदललेल्या प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिकांनी रेल्वे हे त्यामागचे एक कारण असल्याचे सांगितले. घर कुठे घ्यायचे हे रेल्वे पाहून ठरते, तेव्हा रेल्वेचा लाभ एका वर्षाच्या तिकीटविक्रीत कसा मोजणार?

याला उत्तर म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली अशी की मी फक्त सोयीचे आकडे दिले. एडिंबराजवळच्या काही स्थानकांवर, विशेषतः शॉफेअर आणि एस्कबँकला, प्रवासी अंदाजापेक्षा बरेच कमी आले. हे खरे आहे. तिथे शहराची बससेवा चांगली आहे, आणि शॉफेअरची नियोजित वसाहत तेव्हा जेमतेम उभी राहत होती. पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या विरोधात जात नाही. अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला: जिथे पर्याय होता तिथे जास्त, जिथे नव्हता तिथे कमी. म्हणजे ज्या गावांना रेल्वेची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्यांनाच कागदावर सर्वांत कमी किंमत मिळाली होती. दुसरा आक्षेप वजनदार आहे. २०१२ च्या अंतिम प्रकल्प अहवालात खर्चाच्या प्रत्येक पौंडामागे लाभ फक्त अर्ध्या पौंडाच्या आसपास दाखवला होता. बांधकामाला सुमारे २९ कोटी पौंड लागले. एवढ्यात बससेवा कितीतरी सुधारली असती, असे म्हणणाऱ्यांना खोडून काढणे सोपे नाही, आणि नवे प्रवासी हिशेबात धरूनही हे गुणोत्तर एकाच्या वर जाईल असा दावा मी करत नाही. पण त्या २९ कोटींमध्ये काय काय आहे ते पाहा. वळणरस्त्याखालून मार्ग नेणे, हार्डनग्रीनच्या चौकावरून नवा पूल टाकणे, रस्ते वळवणे, विकलेली जमीन आणि घरे पुन्हा संपादित करणे. यातला मोठा भाग रेल्वे चालवण्याचा खर्च नाही. मोडलेले जोडण्याचा आहे. लाभाचे प्रमाण कमी दिसते त्याला १९६९ नंतरची विक्री बऱ्याच अंशी जबाबदार आहे. आधी जमीन विकायची आणि मग ती परत घेणे परवडत नाही म्हणून रेल्वे नको म्हणायचे, हा न्याय मला मान्य होत नाही.

यावर असेही म्हटले जाते की तेव्हा पुढचे कुणाला दिसत होते? पन्नास वर्षे ओसाड भराव सांभाळत बसायचा का? पूल, बोगदे, नाल्या यांची देखभाल फुकट होत नाही, हे खरेच. म्हणून प्रत्येक बंद मार्ग जिवंत ठेवावा असे कुणी म्हणत नाही. पण पुलाची डागडुजी न करता जमिनीची पट्टी हातात ठेवणे हा मधला मार्ग शक्य आहे, आणि तो कल्पनेतला नाही. अमेरिकेने १९८३ साली कायदाच केला: कंपनीने गाड्या बंद केल्या तरी मार्गाची पट्टी चालण्या-सायकलीसाठी एखाद्या संस्थेच्या ताब्यात द्यावी, आणि पुढे रेल्वेला गरज पडली तर ती परत मागता यावी. स्कॉटलंडमध्येच आणखी एक उदाहरण आहे. डंडी ते ॲबरडीन मार्गावरचे लॉरेन्सकर्क हे स्थानक १९६७ मध्ये बंद झाले, पण मुख्य मार्ग चालू राहिला. २००९ मध्ये ते सुमारे तीस लाख पौंडांत पुन्हा उघडले आणि तिथेही प्रवासी अंदाजापेक्षा जास्त आले. बर्विकशरमधले रेस्टन २०२२ मध्ये उघडले, त्याला मात्र सुमारे दोन कोटी लागले; तेव्हा रूळ जागेवर असले की सगळे स्वस्तातच होते असे नाही. एक स्थानक आणि तीस मैलांचा मार्ग यांची सरळ तुलनाही करू नये. तरी या दोन्ही गावांत कुणाचे घर पाडावे लागले नाही, कायदा करावा लागला नाही आणि निम्मे आयुष्य आंदोलनात गेले नाही.

याहून खेदाची गोष्ट म्हणजे पुनर्बांधणीतही तीच चूक लहान प्रमाणात झाली. मार्ग मुख्यतः एकेरी बांधला. समोरासमोरच्या गाड्यांसाठी मूळ आराखड्यात सोळा मैल दुहेरी रूळ होते, ते खर्च वाचवण्यासाठी साडेनऊ मैलांवर आणले. काही नवे पूल एकाच रुळाच्या रुंदीचे झाले. आता एक गाडी रखडली की समोरची रखडते, आणि मार्ग दुहेरी करायचा तर ते पूल पुन्हा बांधावे लागतील. गर्दी होणारच नाही या अंदाजावर हे ठरले आणि अंदाज चुकला. ट्वीडबँकच्या पुढे हॉइकमार्गे कार्लाइलपर्यंत मार्ग नेता येईल का याच्या अभ्यासासाठी सीमाभागाच्या २०२१ च्या विकास करारात एक कोटी पौंडांची तरतूद झाली. मधल्या काळात तिकडचे भराव आणखी काही जागी तुटले, काही ठिकाणी पाऊलवाटा झाल्या. स्टाऊचे जुने स्थानकगृह मात्र वाचले. गावाच्या न्यासाने ते विकत घेतले आणि तिथे उपाहारगृह सुरू झाले.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी सुमारे १९० किलोमीटरची शकुंतला ही अडीच फुटी रेल्वे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडच्या कापसासाठी बांधली. देशातल्या बाकी रेल्वे सरकारी झाल्या तरी हिची मालकी कंपनीकडेच राहिली. गेली काही वर्षे ती बंद आहे. ती पुन्हा तशीच चालावी की ब्रॉडगेज व्हावी, आजच्या एसटी आणि रस्त्यांच्या काळात परवडेल का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, आणि ते मांडले जावेत. पण रुळांखालच्या जमिनीविषयी मतभेदाला जागा नाही. ती पट्टी एकदा प्लॉट पाडून विकली गेली, तिच्यावर चाळी आणि गोदामे उभी राहिली, की पुढच्या पिढीला चर्चा करायलाही काही उरणार नाही. शकुंतला ज्या गावांतून जात होती तिथल्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. आपल्या शिवारातून जाणाऱ्या त्या पट्टीचा सातबारा काढून पाहा, मालकीच्या रकान्यात आज कुणाचे नाव आहे ते वाचा, अतिक्रमणे कुठे झाली आहेत त्याची यादी करा. ही जमीन वाहतुकीखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामासाठी दिली जाऊ नये असा ठराव येत्या ग्रामसभेत करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.